केळी पिकवायच्या खोलीचा इतिहास

केळी पिकवायची एक खोली मी एकदा पोर्तुगीजांचं दारूगोळ्याचं कोठार म्हणून छापून आणली होती. नुसतं तोंडानं बोलले असते तर माणसं विसरली असती. वसईत रोज कोणी ना कोणी काहीतरी पोर्तुगीजांच्या माथी मारतच असतं. पण मी ते लिहिलं, खाली नाव घातलं, नावापुढं बी. ए. घातलं आणि वाचनालयाच्या वार्षिक अंकाची साडेचार पानं अडवली. सोबत स्वतःच्या हातानं काढलेलं चित्रही दिलं. त्यातली कमान वाकडी आहे. कमानीवर एक मुकुट आहे, त्याच्याबद्दल पुढं सांगते.

आणि मी कोण, तर वटारची. केळीच्या वाडीत जन्मलेली, पिकवणीच्या धुराचा वास फ्रॉकला घेऊन शाळेत जाणारी. कोळ्याच्या पोरीनं जाळं बघून त्याला मच्छरदाणी म्हणावं, तसला हा प्रकार.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. लग्नाला दोन वर्षं झालेली, शाळेत इतिहास शिकवत होते, आणि आपण बोलायचं थांबलो तर वसईचं काहीतरी नुकसान होईल अशी माझी समजूत होती. नातवंडं विचारतात, आजी तू तरुणपणी कशी होतीस. मी सांगते, डोळे चांगले असताना चष्मा लावणारी. खोटं नाही. बिननंबरी काचांचा चष्मा होता माझा.

आमचं बिऱ्हाड वसई गावात होतं, बाजाराच्या मागच्या गल्लीत. तळमजला आणि वर दोन मजले अशी ती इमारत लांबून भारदस्त दिसायची, म्हणून तिला लांबूनच बघावं. तळमजला काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला, भिंती दोन हात जाड. पहिला मजला विटांचा. दुसरा मजला, म्हणजे आमचा, लाकडी चौकटीवर फळ्या ठोकून उभा केलेला. वर मंगलोरी कौलं, आणि कौलं पुरली नाहीत तिथं पत्रा. मालकाच्या वडिलांचा केळ्यांचा आणि विड्याच्या पानांचा व्यापार होता. तळमजला बांधला तेव्हा धंदा तेजीत होता. विटांपर्यंत येता येता तो दमला आणि फळ्यांपर्यंत बसला. त्या इमारतीचा खरा इतिहास एवढाच. तो गल्लीत उभं राहून कोणालाही वाचता आला असता. मला वाचता आला नाही, कारण मी पुस्तकं वाचून आले होते.

पुढच्या बाजूला प्रत्येक मजल्यावर लांबलचक सज्जा होता. त्याच्या कठड्याची नक्षी अर्ध्यावर सोडलेली. डावीकडच्या खांबांवर वेली, उजवीकडचे खांब नुसते रंधलेले. मी ह्याला ‘दोन संस्कृतींचा संगम’ म्हटलं होतं. सुतार काम सोडून गेला असेल, हे मला सुचलं नाही. खाली मध्यभागी दगडी कमान, तिच्यातून आत गेलं की पुढचा जिना, आणि जिन्याखाली ती खोली. बिनखिडकीची, बुटक्या दाराची, आतून डांबरासारखी काळी. छताच्या तुळयांना जाड लोखंडी आकडे होते. आम्ही भाडेकरू तिथं कोळशाची पोती ठेवत होतो.

संडास मागच्या अंगणात होते. तिथं उतरायला मागून एक लाकडी जिना होता. अख्ख्या इमारतीत अक्कल वापरून केलेली ती तेवढी एकच गोष्ट. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडायचं, खाली उतरायचं, कोणाला तोंड दाखवायला नको. पण त्या जिन्याला वाळवी लागली होती. पायरीवर पाय ठेवला की ती आधी विचार करायची आणि मग वजन घ्यायची.

त्याची सगळ्यात जास्त काळजी होती ती माझ्या सासूबाईंना. त्या खाडीकाठच्या, मिठागराच्या गावच्या. गुडघे धरलेले, बोलणं मोजकं, आणि हसणं त्याहून मोजकं. जिन्यासाठी त्या तीन वर्षं मालकाच्या मागं लागल्या होत्या. शेवटी त्यांनी बाराही बिऱ्हाडांच्या बायका गोळा केल्या आणि मालकाच्या पेढीवर जाऊन बसल्या. बोललं कोणी काही नाही. नुसत्या बसल्या. दुपारपर्यंत एक गिऱ्हाईक आत आलं नाही. चौथ्या दिवशी अंगणात सागाच्या फळ्या येऊन पडल्या आणि सुतार माप घेऊन गेला. सासूबाईंनी त्याला दोनदा चहा पाजला.

त्याच आठवड्यात वार्षिक अंक निघाला.

माझे पुरावे असे होते. कमान हुबेहूब देवळाच्या बाजूच्या दारासारखी. (आमच्याकडे ख्रिस्ती लोकांच्या देवळालाही देऊळच म्हणतात.) कमानीच्या माथ्यावर दगडात कोरलेला राजमुकुट. जिन्याखालची खोली काळी, म्हणजे दारू ठासून ठासून काळी पडलेली. आकडे तोफांच्या साखळ्यांचे. आणि खोलीच्या कोपऱ्यात जमीन पोकळ वाजत होती, म्हणून तिथून किल्ल्यापर्यंत भुयार. वसईत भुयाराशिवाय लेख पुरा होत नाही.

यजमानांनी अंक वाचला, मिटून ठेवला आणि म्हणाले, “‘बहुधा’ हा शब्द फारच वेळा आलाय.”

“इतिहासात तो लागतो,” मी म्हटलं.

“मग शेवटच्या पानावर एकदाही का नाही?”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते आवडलं असावं.

तिसऱ्या दिवशी मालक स्वतः दुसऱ्या मजल्यावर आले. ह्याआधी ते आमच्या मजल्यावर आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. वर जिवाला धोका असतो हे त्यांना ठाऊक असावं. टोपी काढून हातात घेतली आणि मला म्हणाले, “बाई, तुम्ही डोळे उघडलेत. एवढी वर्षं मी ह्याला गोदाम समजत होतो.”

इतका शहाणा माणूस मी एका लेखात बिघडवला. पण मला तेव्हा काय वाटलं म्हणाल, तर मी लाजले. पदर सारखा केला. सासूबाई आतून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी फळ्या हातगाडीवर चढून परत गेल्या. सुतारालाही नको म्हणून निरोप गेला. मी धावत पेढीवर गेले. माझा लेख काच लावून देवाच्या तसबिरीखाली टांगला होता. त्याला हारही होता.

“शेठ, जिना तर करायचा ठरला होता.”

“पोर्तुगीजांच्या इमारतीला मी रंधा लावू? उद्या सरकारनं विचारलं तर?”

“अहो, जिना पोर्तुगीजांचा नाही. कमान तेवढी त्यांची.”

“तसं कुठं लिहिलंय?” त्यांनी काचेवर बोट ठेवलं. “तुम्ही लिहिलंय, ‘ही समग्र वास्तू’. समग्र म्हणजे सगळी ना, बाई? जिन्यासकट?”

फळ्या वाचल्याचा त्यांचा आनंद असा काही चेहऱ्यावर पसरला होता की मुकुट त्यांच्याच डोक्यावर ठेवला असता तरी शोभला असता.

पंधरा दिवसांत पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा पाय मागच्या जिन्याच्या पायरीतून आरपार गेला. हाड वाचलं, कातडं गेलं. मग जिन्याला वरून खालून दोरी बांधली आणि तो बंद झाला. बाकीची बिऱ्हाडं पुढच्या जिन्यानं उतरू लागली. सासूबाईंनाही तेच करावं लागलं. टमरेल पदराखाली घ्यायचं, पुढच्या जिन्यावरून गुडघ्यांशी भांडत उतरायचं, कमानीतून बाहेर बाजाराच्या गल्लीत यायचं, आणि पानवाला, शिंपी, दळणाची रांग अशा सगळ्यांच्या देखत इमारतीला वळसा घालून मागच्या अंगणात जायचं.

त्यात मालकांनी पाहुणे आणायला सुरुवात केली. किल्ला बघायला आलेल्यांना ते आग्रहानं आमच्याकडे वळवायचे. कोळशाची पोती बाहेर निघाली, खोली झाडली गेली, दाराला नवं कुलूप लागलं आणि किल्ली माझ्याकडे आली, कारण माहिती मी सांगायची होती. मी सांगतही होते. शाळा सुटल्यावर, हातात छडी घेऊन. छडीनं आकडे दाखवायचे. बाकी आयुष्यात मी बऱ्याच मूर्खांना भेटले, पण छडीवाल्या त्या बाईची बरोबरी करणारं कोणी नाही.

एकदा मी असाच मुकुट समजावत असताना सासूबाई पदराखाली टमरेल घेऊन कमानीतून बाहेर पडल्या. एका पाहुण्यानं बाजूला होऊन त्यांना हात जोडले. त्याला वाटलं, म्हातारी देवाला पाणी घालायला निघालीय. सासूबाई थांबल्या, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि गेल्या.

घरी आल्यावर त्यांनी टमरेल जागेवर ठेवलं आणि कांदे चिरायला घेतले. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. चारेक दिवसांनी माझ्या लक्षात आलं, दुपारचा चहा त्या नको म्हणतात. मग सकाळचाही. जेवताना तांब्या भरलेला तसाच राही. वैशाखातले दिवस, डोक्यावर पत्रा तापलेला, आणि त्यांच्या ओठांना सालपटं आलेली.

“आई, पाणी का घेत नाही?”

“प्याला की उतरावा लागते,” त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

माणसानं इथं शहाणं व्हावं. मी अर्धीच झाले. मी विचार केला की मागचा जिना नंतर जोडलेला आहे, असं सांगणारा एखादा जुना माणूस गाठावा. म्हणजे जिनाही होईल आणि माझा मुकुटही शाबूत राहील. सासूबाईंचे ओठ सुकत होते आणि मी मुकुट वाचवत होते. हे लिहिताना मला त्या मुलीच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. पण ती आता माझ्याच सुरकुत्यांखाली कुठंतरी आहे.

चौकशी केली तेव्हा कळलं, आमच्या इमारतीवर काम केलेला एक गवंडी निर्मळ गावात अजून आहे. ऐंशीच्या पुढचे, ख्रिस्ती, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. ओटीवर बसून केळीच्या सोपाच्या, म्हणजे बुंध्याच्या सालीच्या, दोऱ्या वळत होते. त्यांची बोली मला समजते, पण लिहायला गेले तर आणखी एक चूक छापली जाईल, म्हणून साध्या मराठीत सांगते.

“बाबा, ती कमान पोर्तुगीजांची ना?” मी अंक पुढं केला.

त्यांनी चित्र उलटं धरलं. मला वाटलं, दिसत नसावं. मी ते सुलटं करून दिलं. त्यांनी पुन्हा उलटं केलं.

“असंच बरोबर आहे, बाय,” ते म्हणाले. “आता बघ. काय दिसतं?”

उलट्या चित्रात कमळ होतं. पाकळ्या वर, देठ खाली. मी ज्याला मुकुटाची खालची झालर म्हणत होते, त्या पाकळ्या होत्या, आणि वरचा तुरा म्हणजे देठ.

“शेठच्या बापानं अंगणात तुळस बसवायला दगडी बैठक घडवून आणली होती. बैलगाडीतून उतरवताना माझ्या बापाच्या हातून पडली. दोन तुकडे. शेठ ओरडणार, म्हणून बापानं चांगला तुकडा उलटा करून कमानीत बसवला, म्हणजे कोणी ओळखू नये. कोणी ओळखला नाही.” मग त्यांनी माझं चित्र पुन्हा एकदा बघितलं. “तू तर फारच नाही ओळखलास.”

“आणि कमान?”

“त्या वर्षी आम्ही देवळाच्या बाजूच्या दाराचं काम केलं होतं. कमानीचा लाकडी साचा तयार पडला होता. तोच इकडे आणला. दुसरी कमान आम्हाला येत पण नव्हती.”

“आणि ती काळी खोली? आकडे?”

आता त्यांनी दोरी खाली ठेवली. माझ्याकडे बघत विचारलं, “तू माहेरची कुठली गो?”

“वटारची.”

“वाडी आहे?”

“आहे.”

“केळीची?”

मी मान हलवली. त्यांनी दोरी पुन्हा वळायला घेतली. आतून त्यांच्या सुनेनं मला पाणी आणून दिलं. तिनं सगळं ऐकलेलं होतं, आणि पेला देताना ती पदरात हसत होती.

परतीच्या वाटेवर मला सगळं दिसलं. आकड्यांना टांगलेले लोंगर, म्हणजे केळ्यांचे अख्खे घड. मडक्यातल्या गोवऱ्या आणि तूस. बुटकं दार मातीनं लिंपून बंद केलेलं. माझ्या वडिलांच्या वाडीत हीच खोली होती, फक्त लहान. आतला धूर बघायला म्हणून मी लहानपणी दाराची माती बोटानं उकरली होती आणि मार खाल्ला होता. कोपऱ्यातली पोकळ जमीन म्हणजे मडकं ठेवायचा खड्डा, वर फरशी टाकून झाकलेला. भुयार किल्ल्यापर्यंत जात नव्हतं. ते हातभर खोल होतं.

मी मालकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई, म्हाताऱ्या गवंड्याचं काय ऐकता? तुम्ही शिकलेल्या.”

“शेठ, मी चुकले. मी लिहून देते.”

“छापून आलंय,” ते म्हणाले. “छापून आलेलं चुकीचं कसं असेल? रविवारी मुंबईचे प्रोफेसर येतायत. नीट साडी नेसा.”

म्हणजे माझी फजितीसुद्धा आता माझी राहिली नव्हती. ती त्यांच्या मालकीची झाली होती, बाकी इमारतीसारखीच, आणि तिची डागडुजी ते करणार नव्हते.

पण किल्ली माझ्याकडे होती. त्याच संध्याकाळी मी वटारला निरोप धाडला. बुधवारी वडील बैलगाडीतून कच्च्या केळ्यांचे सहा लोंगर घेऊन आले. काय करायचंय हे मी सांगितल्यावर ते इतकंच म्हणाले, “खोली बघू.” आत गेले, आकड्यांवरून हात फिरवला, भिंतीचा वास घेतला आणि बाहेर येऊन माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा दार उकरल्याचा मार आठवला. मग त्यांनी स्वतः लोंगर टांगले, फरशी काढून खड्ड्यात मडकं बसवलं, गोवऱ्या पेटवल्या. दार लिंपायला माती सासूबाईंनी कालवली. कोणी बोलावलं नव्हतं. त्या पुढच्या जिन्यानं, गुडघे धरत, त्यासाठी खाली उतरल्या. गल्लीत धुराचा वास पसरला तेव्हा मी शेजाऱ्यांना सांगितलं, ढेकणांसाठी धुरी घातलीय. सगळ्यांना पटलं. त्या इमारतीत ढेकणांवर कोणाचा अविश्वास नव्हता.

रविवारी प्रोफेसर आले. अंगानं सुकलेले, पायात कॅन्व्हासचे बूट, गड चढून चढून रापलेला चेहरा. मालकांनी त्यांना आधी मागच्या अंगणात नेलं आणि दोरी बांधलेला जिना दाखवून छाती फुगवली. “बघा, एक खिळा हलवू दिला नाही मी. भाडेकरू रडतात, पण इतिहास म्हणजे इतिहास.”

मग सगळे कमानीखालून आत आले. सज्ज्यांत बाराही बिऱ्हाडं उभी होती. का कोण जाणे, सगळ्यांना आधीच खबर होती. मी चष्मा काढून ठेवला होता, छडीही घेतली नव्हती. लिंपलेली माती खरवडली, कुलूप काढलं आणि दार ओढलं.

आधी वास आला. मग डोळे सरावले आणि सहाही लोंगर दिसले, पिवळेधमक, तोफांच्या साखळ्यांच्या आकड्यांना शांतपणे लटकलेले.

प्रोफेसर वाकून आत गेले. छत बघितलं, खड्डा बघितला, भिंतीवर बोट घासून काजळी बघितली. एक केळं तोडलं, सोललं, खाल्लं.

“राजेळी जातीची?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “माझ्या माहेरची. आणि हा लेख लिहिणारी मीच. ही केळी पिकवायची खोली आहे, पहिल्यापासून. मला ओळखता आली नाही.”

मालक म्हणाले, “पण छापून आलंय…”

प्रोफेसरांनी साल त्यांच्या हातात दिलं. “मग आता खिळे हलवायला हरकत नाही,” ते म्हणाले.

वरच्या सज्ज्यातून कोणीतरी फसकन हसलं आणि मग ते हसू मजल्यामजल्यांवरून खाली येत राहिलं. मालकांना पश्चात्ताप वगैरे झाला असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या अंगात ती सोय नव्हती. पण दुसऱ्या दिवशी बाजारात पानवाल्यापासून सगळे त्यांना विचारू लागले, शेठ, तोफा पिकल्या का? आठ दिवसांच्या आत फळ्या परत आल्या. काचेतला लेख खाली उतरला. काच मात्र त्यांनी ठेवून घेतली.

त्या इमारतीचं पुढं काही थोर झालं नाही. ऐंशीच्या दशकात बिल्डर लोक वसईत शिरले तेव्हा ती पाडली, आणि तिच्या जागी जी उभी राहिली ती बघून मला पहिलीबद्दल प्रेम वाटेल की काय अशी भीती वाटली. कमळाचा दगड पाडताना फुटला. वसईतली आजची पोरं कॅमेरे घेऊन जुन्या भिंती शोधत फिरतात, आणि भिंत काळी दिसली की त्यांच्या डोळ्यांत तेच येतं जे माझ्या डोळ्यांत आलं होतं. मी त्यांना काही सांगत नाही. त्यांचा चष्मा त्यांना लखलाभ.

जिना झाला त्या दिवशी सुतारानं शेवटच्या पायरीवर उड्या मारून दाखवल्या आणि हत्यारं गोळा केली. सासूबाई आधी तांब्याभर पाणी प्यायल्या, उभ्यानं, संपेपर्यंत. मग टमरेल उचललं, कठड्याला हात लावला आणि एकेक पायरी दाबून बघत खाली गेल्या. मी वर दारात उभी होते. त्या परत वर आल्या, दम घेतला आणि मला म्हणाल्या, “सूनबाई, परत काय लिवशील ना, तं आधी मला वाचून दाखव. इतिहास मला कळत नाय. पन जिन्यानं उतरते ती मी.”